तुम्ही विचारलंत म्हणून: एमआरआयवालं रेडिएशन घ्यावं का?

परळला रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे म्हटलं की ओपीडीबाहेर, लोकलमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच: "आमच्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. एमआरआयवाल्या मशीनवर रेडिएशन देतात म्हणे. तेच घ्यायचं ना?"

आधी भीतीचं बोलते. एमआरआयमुळे जादा किरण लागत नाहीत. ते चुंबक आणि रेडिओलहरींवर चालतं. उपचार करतात ते लिनॅकमधले, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या यंत्रातले, क्ष-किरण. एमआरआय फक्त दाखवतं, पण त्या दाखवण्यालाच मोल आहे.

प्रोस्टेट एका जागी राहत नाही. मूत्राशय किती भरलंय, गुदाशयात वायू आहे का, यावर ते काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकतं. नेहमीच्या मशीनवरच्या सीटीत हाडं ठळक दिसतात, प्रोस्टेटची कड मात्र पुसट. म्हणून आम्ही त्याच्याभोवती मार्जिन, म्हणजे किरण लागणारी थोडी जास्तीची कड, सोडतो, आणि त्या मार्जिनमध्ये मूत्राशयाचा, गुदाशयाचा निरोगी भाग सापडतो. लघवीची जळजळ होते ती बरीचशी त्यामुळेच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात झालेल्या 'मिराज' चाचणीत एमआरआयच्या आधाराने हे मार्जिन 4 मिलिमीटरवरून 2 वर आणलं. पहिल्या तीन महिन्यांत लघवीचा मध्यम किंवा तीव्र त्रास झालेले रुग्ण सुमारे 43 टक्क्यांऐवजी 24 टक्के भरले. हा फरक मला फार मोठा वाटतो. मात्र ही चाचणी त्रास किती होतो हे बघण्यासाठी होती. कॅन्सर जास्त बरा होतो, असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

चुंबक आणि लिनॅक शेजारी नांदवणं महाकठीण होतं, कारण लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉन सरळ धावावे लागतात आणि चुंबक त्यांना वळवतो. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या रुग्णालयात 2017 मध्ये 1.5 टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं माप) ताकदीच्या अशा यंत्रावर पहिले रुग्ण घेतले गेले. शरीरातही तीच अडचण येते: गुदाशयात वायू असेल तर क्ष-किरणांमुळे त्याच्या भिंतीतून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन वळून परत त्याच भिंतीवर येतात. प्लॅन करताना तेही मोजावं लागतं. शिवाय रोजच्या चित्रावरून प्लॅन नव्याने बसवायचा, तर रुग्णाला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही, त्या बोगद्यात निश्चल पडून राहावं लागतं. पाठदुखीवाल्या काकांना हे झेपेल का, ते आधी बघा.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल मला कुणी विचारत नाही, आणि तिथेच एमआरआयने फार मोठं काम केलंय. ब्रेकीथेरपीत, म्हणजे शरीराच्या आतून रेडिएशन देताना, नळ्या आत बसवल्यावर एमआरआय काढायचं आणि उरलेल्या गाठीच्या आकाराप्रमाणे डोस द्यायचा. 'एम्ब्रेस' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आपलं टाटा हॉस्पिटलही होतं. त्यात पाच वर्षांनंतर 92 टक्के रुग्णांमध्ये आजार त्या जागी आटोक्यात होता. यासाठी एमआरआय-लिनॅक लागत नाही.

तेव्हा काकांसाठी जमीन विकू नका, आणि खास मशीनपायी उपचार लांबवू नका. डॉक्टरांना विचारा: मार्जिन किती सोडणार? रोज गाठ कशी बघणार? सोन्याचे मार्कर बसवता येतील का? प्रोस्टेटमध्ये बसवलेले ते बारीक मार्कर साध्या लिनॅकवरही स्पष्ट दिसतात. आणि काकांना पेसमेकर असेल, तर त्याचं कार्ड पहिल्याच भेटीला न्या. सगळेच पेसमेकर एमआरआयला चालत नाहीत.