रोजची की उद्याची?

बायबलच्या भाषांतराचा मसुदा गावात वाचून दाखवायचा, ‘काय समजलं?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर सुचवायचं नाही, अशी आमच्याकडे चाचणीची रीत आहे. त्या दिवशी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, होती. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ ऊसतोडीहून परतलेल्या मावशी म्हणाल्या, “आजची तव्यावर हाये की. उद्याचं पीठ डब्यात असलं म्हंजी डोळा लागतो. मागायचं तर ते मागावं.”

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. कारण त्या ‘रोजची’च्या जागी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ आहे, आणि या शब्दाने मला बरीच वर्षं छळलंय. बायबलमध्ये तो फक्त या प्रार्थनेतच येतो: मत्तय ६:११ आणि लूक ११:३. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन ग्रीकमध्येच वाढलेला, तरी सांगतो की हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात आहे, ना लोकांच्या तोंडी. पुढे जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना मत्तयात एक प्रतिशब्द दिला, लूकमध्ये दुसराच. १८८९ मध्ये इजिप्तमधल्या एका पपायरसवर, घरखर्चाच्या यादीत, तो सापडल्याचं छापून आलं आणि ‘रोजचा शिधा’ या अर्थाला बळ मिळालं. पुढे तो तुकडाच हरवला. १९९८ मध्ये येल विद्यापीठात पुन्हा हाती लागला, तेव्हा नीट वाचल्यावर तिथे निघालं ‘तेल’!

लूकमध्ये त्याच ओळीत ‘दररोज’साठी वेगळे, साधे शब्द आहेत. मग एपिऊसिओसचाही अर्थ ‘रोजची’ असेल, तर तेच दोनदा कशाला? उलट बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ‘एपिऊसा’ म्हणजे सरळ ‘दुसरा दिवस’. मला ‘उद्याची’ हाच अर्थ जवळचा वाटतो. ‘उद्याची चिंता करू नका’ हे मत्तयच्या त्याच सहाव्या अध्यायात आहे, असा आक्षेप भाषांतर समितीत आला. पण उद्याची भाकर आज पदरात पडली की चिंता उरतेच कुठे? मावशी तेच तर सांगत होत्या.

समितीने ‘रोजची’ कायम ठेवलं. लोकांना प्रार्थना तोंडपाठ आहे, मातीच्या वेळी सगळे मिळून म्हणतात. तिला हात लावायचा नाही, हे मलाही पटतं. ‘किंवा, उद्याची’ असं तळटिपेत गेलं. पण ध्वनिमुद्रणात तळटिपा वाचतच नाहीत, हे मला पटत नाही. मावशींना वाचता येत नाही. त्या नातवाच्या मोबाइलवर ऐकतात. ती टीप ओळीपाठोपाठ वाचली जावी म्हणून मी परवा तिसऱ्यांदा अर्ज दिलाय, सोबत मावशींचं वाक्य जोडून.