फायरवॉल लावली, पण दार उघडंच

जुन्या कॅसेटवरून उतरवलेली लग्नं, मुंजी, माझ्याच डिस्कवरून काढलेली गाणी आणि फोनमधले हजारो व्हिडिओ असं सगळं तीन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर विखुरलं होतं. आईला काही बघायचं असलं की डिस्क शोधण्यापासून सुरुवात. शेवटी पडून असलेल्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे ‘कंटेनर’मध्ये, चालवणारं साधन) आणि डॉकरमध्ये जेलीफिन, म्हणजे घरचे व्हिडिओ-गाणी टीव्हीवर, फोनवर दाखवणारा सर्व्हर. २०१८ च्या शेवटी एम्बी या तशाच सर्व्हरने आपला कोड बंद केला, तेव्हा त्याच्या मोकळ्या कोडपासून काही जणांनी हा फाटा काढला. खातं नाही, वर्गणी नाही, म्हणून तोच निवडला.

एका संध्याकाळी टीव्हीवर चित्र दिसायलाही लागलं. इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बाहेरूनही दिसतं का हे बघायची खाज सुटली आणि राउटरमध्ये ८०९६ हा जेलीफिनचा पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या दारावर येणारं सगळं लॅपटॉपकडे वळवलं. दिसलं. खूश झालो. मग जरा शहाणपण आठवलं आणि लॅपटॉपवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करून ८०९६ बंद केला. स्टेटस पाहिलं, ‘डिनाय’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. राउटरमधली नोंद मात्र काढायची राहिली. म्हटलं, फायरवॉल आहे ना.

तीन आठवड्यांनी प्रवासात, मोबाइल डेटावर, चुकून जुना बुकमार्क दाबला गेला. समोर माझ्याच सर्व्हरचं लॉगिन पान! मूळ जेलीफिनमध्ये लॉगिनला दोन टप्प्यांची पडताळणी नाही. त्यात भाच्यासाठी काढलेल्या खात्याचा पासवर्ड म्हणजे त्याचंच नाव. ती रात्र काही बरी गेली नाही.

घरी आल्यावर कारण शोधत बसलो. डॉकर कंटेनरचा पोर्ट उघडतो तेव्हा आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत, स्वतःचे नियम थेट घालतो. बाहेरून आलेलं पॅकेट तिथेच कंटेनरकडे वळतं, यूएफडब्ल्यूचा पहारा ज्या वाटेवर बसलाय त्या वाटेला जातच नाही. पहारेकरी पुढच्या दाराशी, पाहुणे मागून. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नव्हता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. डॉकरच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे. मी ते आधी वाचलं नव्हतं, एवढंच.

आधी राउटरमधली नोंद काढली, यूपीएनपीही (उपकरणांना राउटरचे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) बंद केलं. डॉकरच्या कम्पोज फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल) नुसतं ‘८०९६:८०९६’ लिहिलं की तो पोर्ट लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्क जोडण्यांवर उघडतो, म्हणून त्याच्या आधी लॅपटॉपचा घरातला आयपी लिहिला. व्हिडिओंचं फोल्डर कंटेनरला फक्त वाचण्यापुरतं दिलं. जेलीफिनमध्ये कुणी शिरलंच तरी तिथून मूळ फाइल पुसता येणार नाही. एसएसएच, म्हणजे लॅपटॉपवर दुरून शिरायची वाट, पासवर्डवरून की फाइलवर आणली. आणि भाच्याचा पासवर्ड बदलला, त्यावरून तो दोन दिवस रुसला.

बाहेरून बघण्यासाठी आता वायरगार्ड, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा (व्हीपीएन). उघडा आहे तो एकच यूडीपी पोर्ट, ५१८२०. ओळखीच्या कीशिवाय कुणी तिथं टकटक केली तर तो उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे हेही कळत नाही. फोनवर ‘अलाउड आयपीज’मध्ये (बोगद्यातून काय जाणार ती यादी) फक्त घरचं नेटवर्क ठेवलं; आधी सगळंच घरावरून फिरवत होतो, तेव्हा फोनचं नेट रांगायला लागलं होतं. एक मात्र आधी बघून घ्यावं: राउटरला मिळालेला वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेकांत वाटला आहे, आणि पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही.

ट्रान्सकोडिंगनेही (व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या स्वरूपात बदलणं) रडवलं, पण थोडक्यात. फोनचे १० बिट एचईव्हीसी या स्वरूपातले व्हिडिओ ब्राउझरला झेपेनात, ते बदलताना प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. लॅपटॉप सातव्या पिढीचा इंटेल, म्हणजे त्यातल्या क्विक सिंकला (इंटेलचा व्हिडिओसाठीचा खास भाग) हे डिकोड करता येतं. ग्राफिक्सचं डिव्हाइस कंटेनरला दिलं आणि ते वापरण्यासाठी लागणारी ‘रेंडर’ गटाची परवानगी जोडली, तेव्हा पंखा गप्प झाला.

अजून एक खोड उरली आहे. घरचा आयपी बदलतो म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) घेतलं, पण वायरगार्ड ते नाव जोडणी करतानाच एकदा शोधतो. मध्येच आयपी बदलला की फोन जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. आईला हे काही सांगितलं नाही. ‘दिसेनासं झालं की वायरगार्डचं ते बटण एकदा बंद करून चालू कर’, एवढंच. ती करते, आणि मग मुंजीची कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावते.