‘कापूस’च का, ‘फडका’ का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. माझ्या शब्दकोड्यात ‘द्रव शोषतो (३)’ याचं उत्तर कापूस बरोबर आणि फडका चूक, हे कसं? घरं दोन्हींना तीनच. फडका चूक नाही. क्लू चूक आहे, आणि तो माझाच.

बचाव एकच: दोन्ही शब्दांत एकाही जागी अक्षर जुळत नाही, त्यामुळे एक उभा शब्द सुटला की वाद मिटतो. पण तो सुटेपर्यंत?

‘कापूस शोषतो हे कुणालाही कळतं’ असं मी पूर्वी ठणकावलं आहे. नाही शोषत. सरकी काढलेला कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो. तंतूंवर मेणाचा पातळ थर असतो. कॉस्टिक सोड्यात उकळून तो काढला, ब्लीच केलं, की औषधी कापूस तयार. तो पाण्यात १० सेकंदांच्या आत बुडायला हवा आणि वजनाच्या वीसपटींहून जास्त पाणी त्यानं धरायला हवं.

मग क्लू सुधारला: ‘जखमेवर ठेवतात (३)’. आणखी बिघडला. उघड्या जखमेवर थेट कापूस ठेवत नाहीत. तंतू चिकटतात, पट्टी काढताना खपली ओढली जाते. आधी गॉज, म्हणजे जाळीदार पातळ कापड, वर कापूस. बर्मिंगहॅमचे सर्जन सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० मध्ये गॉजच्या दोन थरांत कापूस घालून गादीच केली. म्हणजे खरं उत्तर गॉज, घरं दोन, आणि कोड्याचा अख्खा कोपरा मोडायचा.

सगळा खेळ क्रियापदाचा. टिपतो तो टीपकागद. त्याला खळ नसते, म्हणून शाई आत मुरते. पुसतो तो फडका. स्पिरिटात भिजवतात तो बोळा, अत्तरात भिजवून कानात ठेवतात तो फाया. ‘कापसाचा, कानात घालतात (२)’ असा क्लू मात्र देऊ नये, कारण कानात बोळेही घालतात. (तक्रारी वाचताना मलाही सुचतं.)

‘डोळ्यांत घालतात (३)’ तर त्याहून वाईट: काजळ, सुरमा, अंजन, तिन्ही बसतात. ‘काजळी धरून करतात’ म्हटलं की सुटतं. फक्त काजळ सर्वांत वरच्या ओळीत आडवं टाकू नका. ळ-नं शब्द सुरू होत नाही, खालचं घर काळं करावं लागतं.

सध्या कापसाला क्लू आहे ‘बोंडातून निघतो (३)’. सरकीही तीन घरांची, पण ती ‘निघते’. शोषण्याचं त्यात काहीच उरलं नाही, हे मान्य.