आईचं उलटं घड्याळ

आज १२ मे, परिचारिका दिन. सकाळपासून फोनवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे दिवे फिरतायत. मी आईचं कपाट आवरायला घेतलं. दीड वर्ष टाळलेलं काम.

आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात सिस्टर होती. तेच, डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं. रविवारी नाइट संपली की ती तशीच चर्चमध्ये यायची, पांढऱ्या साडीत, स्पिरिटच्या वासासकट. पाळकांचं प्रवचन रंगात आलं की हिची मान डुलायला लागायची. पप्पा कोपराने ढोसायचे. पण पेटी वाजली की पहिली उभी हीच. आणि सूर? सतार-तंबोऱ्यांच्या या गावात इतकं बेसूर दुसरं कुणी गात नसेल. वर मोठ्याने!

तिच्या पवित्र शास्त्रात खुणेला ड्यूटीच्या चिठ्ठ्या आहेत. स्तोत्र १२१ वर (राखणदाराला झोप लागत नाही, तेच ते) एक सापडली: ‘बेड ९, दर अर्ध्या तासाने बीपी.’ कोण होता, वाचला का, आता कुणाला विचारू?

दुपारी रद्दीवाले चाचा आले. म्हणाले, “सिस्टरांचं घर ना हे? माझ्या पोरीची पहिली आंघोळ त्यांच्या हातची.” मग रद्दी द्यायची राहूनच गेली, चहा झाला.

छातीवर उलटं टांगायचं तिचं घड्याळही मिळालं. चावी दिली. पाचेक मिनिटं चाललं, थांबलं. परत दिली.