पावसाळा, केबीआर आणि ३४००चा फुगवटा

जुलैत बडोद्याच्या दमट हवेत केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेटचा, म्हणजे त्यात नमुना मिसळून दाबलेल्या चकतीचा, आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढला की ३४०० सेंमी⁻¹जवळ रुंद फुगवटा आणि १६४०जवळ छोटा पीक हमखास दिसतो. घाईनं ‘ओएच गट’ (नमुन्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) लिहून मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा ते केबीआरनं ओढलेलं पाणीच असतं. केबीआरची पावडर ११० अंशांवर काही तास वाळवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार करा. २०० मिग्रॅ केबीआरला १-२ मिग्रॅ नमुना पुरे. अ‍ॅगेटच्या खलात बारीक घोटा, पण भराभर. कण जाडे राहिले तर प्रकाश विखुरतो, ४०००कडची बेसलाइन (आलेखाची पायारेषा) खाली येते. दाब ८-१० टन, दोनेक मिनिटं. चकती दुधाळ आली तर आधी ओलाव्यावर संशय घ्या.

हायड्रोक्लोराइड क्षार असेल तर केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) वापरा; केबीआरमध्ये क्लोराइड-ब्रोमाइडची अदलाबदल होऊ शकते.

एटीआरला (चकती न करता नमुना थेट स्फटिकावर ठेवून आयआर काढण्याची पद्धत) ही कटकटच नाही. मात्र तिथे कमी वेव्हनंबरचे (सेंमी⁻¹मधला आकडा) पीक तुलनेनं उंच दिसतात, म्हणून केबीआरच्या संदर्भाशी थेट जुळवणं चूक. पाण्यातल्या नमुन्याला रामन (लेसरचा विखुरलेला प्रकाश मोजणारा वर्णपट) बरा, पण फ्लुओरेसन्स (नमुन्याचं स्वतःचं चमकणं) निघाला तर सगळे पीक त्यात बुडतात. आणि रेणूचा सांगाडा हवा असेल तर आयआरला छळू नका, सरळ एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा प्रतिसाद मोजणारा वर्णपट) काढा.