मिरजेत तानपुरा घ्यायचा तर

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद वाटला. पण चांगला कारागीर शोधायचा तर सतारमेकर गल्लीत निवांत वेळ काढूनच जावं.

आधी भोपळा बघा. हे भोपळे बहुतेक मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. बोटाने हलकं टिचकून पाहा, आवाज मोकळा यायला हवा. कुठे बद्द वाजलं तर तिथे चीर किंवा किडीचं भोक असू शकतं. दांडी तुणाच्या लाकडाची, ते लाकूड नीट वाळलेलं नसेल तर तारांच्या ताणाने ती पुढे वाकते. म्हणून एका टोकाकडून डोळा लावून सरळ रेषा तपासा.

खरी परीक्षा जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या, भरदार आवाजाची. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा माथा अगदी किंचित उताराचा घासलेला असतो, त्यावर तारेखाली सूत सरकवायचं. केसभर सरकवलं की आवाज एकदम उमलतो, गुंजन लांबतं. सूत अजून पुढे गेलं की आवाज पुन्हा बंद. चारही तारांवर ही जागा सापडलीच पाहिजे. वर्षानुवर्षांच्या वापराने घोडीवर तारेच्या खाचा पडतात आणि जवारी बसते, म्हणजे गुंजन मंदावतं. तेव्हा घोडी कारागिराकडूनच घासून घ्या, घरी कानस लावू नका.

तार ताणायची खुंटी सरकत असेल तर तिला थोडा खडू लावला की पुरतो.