सेन्सरचा लाइट लागतोय म्हणजे सेन्सर चांगला, असं नसतं

परवा पाऊच पॅकिंग मशीनवर दोन दिवस गेले. सकाळी मशीन मस्त चालायचं, वीसेक मिनिटांनी कटर भलतीकडेच कापायला लागायचा. पाऊचच्या रोलवर छापलेली खूण ओळखून कटरला इशारा देणाऱ्या आय-मार्क सेन्सरचा लाइट बरोबर लुकलुकत होता, पण तो लाइट आतला असतो, आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडाला तरी लागतो, म्हणून आधी मीटर थेट आउटपुटच्या वायरवर लावला, तिथे २४ व्होल्ट आणि जवळजवळ शून्य असं नीट बदलत होतं. मग ऑप्टोकपलर (सेन्सरचा सिग्नल प्रकाशातून पुढच्या सर्किटला देणारा भाग) बघितला, तोही ओके.

पुढे ७४१४, जुना टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक आयसींची एक जात) इन्व्हर्टर, म्हणजे लोचा हाय आणि हायचा लो करणारा आयसी. १४ नंबर पिनला ५ व्होल्ट पक्के, १ नंबरला इनपुट हलतंय, पण तापल्यावर बिघडतोय का हे बघायला हेअर ड्रायरने आयसी गरम केला की २ नंबरचं आउटपुट १.६ व्होल्टवर अडकायचं. टीटीएलमध्ये ०.८ च्या खाली लो, २ च्या वर हाय, मधलं काहीच धरता येत नाही. पुढचा आयसी व्होल्टेज खाली ओढतोय का हे कळायला २ नंबरचा पाय उचलून परत मोजलं, तरी तेच! मग आयसी काढला, सॉकेट बसवलं आणि नवा लावला.

काल दिवसभर कटर अगदी मार्कवर कापत होता, खूप बरं वाटलं.